पहिला घोट

“बॉडी देता येणार नाही, बाई. हे परदेशी आहेत,” शवागाराचा अधिकारी म्हणाला.

“माझा नवरा परदेशी?” कालिंदी ओरडली. “काल सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन घराबाहेर पडला तो!”

“दारूचा पहिला घोट पोटात गेला, की यकृतात बसवलेली सरकारी चकती नागरिकत्व बदलते. दारू शेजारच्या देशाच्या नावावर जाते आणि पिणाराही.”

“मग तिकडे पाठवा. मी सीमेवरचा पूल ओलांडून त्याला घेऊन येते.”

“पाठवलं होतं. आता त्यांनीही हाच कायदा केलाय. त्यांच्या लेखी हे आपले, म्हणून परत पाठवलं.”

अधिकाऱ्याच्या मागे भिंतीवर मोठा पडदा झळकत होता. दोन्ही देशांतल्या दारूच्या खपाच्या रेषा वर्षानुवर्षं एकमेकींशी चढाओढ करत खाली आल्या होत्या आणि यंदा दोन्ही शून्यावर टेकल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘अभिनंदन!’

“म्हणजे दोन्हीकडे कुणी पीतच नाही?” कालिंदीने स्ट्रेचरवरची चादर खसकन ओढली आणि अधिकाऱ्याची कॉलर धरून त्याला नवऱ्याच्या तोंडापर्यंत वाकवलं.

“घ्या वास! आणि सांगा मला, हा कुठल्या देशाचा आहे?”