शेरा
गावाच्या लेखी सिंधूचा नवरा हैदराबादला कामाला होता. तो सोडून गेलाय, हे तिनं नऊ वर्षांत एकाच माणसाला सांगितलं: घरकुलाचा अर्ज भरून घेणाऱ्या ग्रामसेवक सुदर्शनला. त्याला ती राखी बांधायची. "ताई, कागद बिलोलीला सायबाकडं जाईल, गावात कळायचं न्हाई," त्यानं शब्द दिला होता. आज गावच्या ग्रुपवर घरकुलाची यादी आली. सिंधूच्या नावापुढं शेरा होता: परित्यक्ता. ती तणतणत कचेरीत गेली. "आता सगळा कारभार पारदर्शक हाय, ताई. माझ्या हातात काय न्हाई," तो म्हणाला. त्याच हातात तिची राखी होती. घरी दहा वर्षांची लेक त्या शब्दाचा अर्थ शेजारणीकडून ऐकून बसली होती. बाबांनी दिवाळीला हैदराबादहून पाठवलेला फ्रॉक तिनं उलटा केला, आतली शिवण आईपुढं धरली. "ही टीप तुझ्या मशीनची हाय ना?"