फुगलेला भाव

सकाळचा भाव टिकला असता, तर धाकटीच्या घराचं सगळं कर्ज एका झटक्यात फिटलं असतं. कंपनी दोघा बहीणभावांची, माल सगळा परदेशी जाणारा. आज बाजार बंद होताना जो भाव असेल, त्या भावाने दोघांनी आपले निम्मे शेअर उद्या विकायचे, असा सौदा लेखी झाला होता.

सकाळी गुंतवणूकदारांसमोर दादा छाती फुगवून म्हणाला, "नफा दुप्पट! सगळी आमच्या मेहनतीची कमाई."

धाकटीने माईक ओढून घेतला. "माल गेल्या वर्षीपेक्षा कमीच खपलाय. डॉलर महागला म्हणून नफा फुगलेला दिसतोय. डॉलर उतरला, की तोही उतरेल."

बाजार बंद होईपर्यंत शेअर सपाटून आपटला.

"अगं, वेड लागलंय का तुला? गप्प बसायला काय जात होतं तुझं?"

"गिऱ्हाईक कुठे पळालंय, दादा? उद्या येईलच. पण फुगवट्याचे पैसे मी त्यांच्याकडून घेणार नाही. तुला काय आदळआपट करायची ती कर."

 

दुसऱ्या दिवशी निवृत्तीसाठी साठवलेले पैसे घेऊन त्यांच्याच कारखान्यातले कामगार ते शेअर घ्यायला रांगेत उभे राहिले, आणि फुगवट्याची किंमत पहिल्यांदाच मालकांनी भरली.