नूतचे हात

शवपेटीच्या झाकणाला आतून आकाशदेवी नूतचं चित्र काढायचं, म्हणजे मेलेल्याला तिची कूस मिळते. पाशेदने अशी चाळीस झाकणं रंगवली होती, चौकटी आखून, अगदी मापात. त्याची आई मात्र त्याला जन्म देतानाच गेली होती. तिने त्याला एकदाही उचललं नव्हतं.

या नव्या झाकणावरच्या नूतचे हात त्याने डोक्यावर सरळ उंचावलेले काढले. दुसऱ्या सकाळी ते दोन चौकटी खाली होते, तिसऱ्या सकाळी पाच. रंग तर पहिल्याच दिवशी वाळला होता.

"उन्हाने डोकं तापलंय तुझं," त्याने हे सांगितल्यावर म्हातारा सुतार इपुय हसला.

"काका, मी आत निजतो. झाकण लावा."

"एवढी कसली घाई रे? मेल्यावर निजायचंच आहे की!"

पण पाशेदचा चेहरा पाहून त्याने झाकण लावलं.

अंधारात पाशेदने वर चाचपलं. लाकूड गार होतं, कोरडं होतं. मग त्याच्या पाठीखालून दोन हात सरकले. एकाने मानेला आधार दिला.

"उघडू का रे?" इपुयने विचारलं.

'नको' म्हणायला पाशेदने तोंड उघडलं, आणि पेटीतून तान्ह्या पोराचं रडणं बाहेर आलं.