फोटोतून काढलेलं घर

दिशाने मोबाइल पुढे धरला. फोटोतला हॉल एकनाथचाच होता, पण त्याला ओळखू येईना. जाळी, दोरखंड, प्लॅस्टिकचे ड्रम, सगळं नाहीसं झालं होतं. तिथे पांढरा सोफा आला होता.

"हे सगळं कॉम्प्युटरवर केलंय, काका," ती म्हणाली. ती बोईसरची एजंट. नवापुरातलं पहिलंच घर तिने विकायला घेतलं होतं. "आता फक्त खिडकी राहिली."

खिडकीतून नवशाच्या घराची मागची भिंत दिसत होती. नवशा हा एकनाथचा थोरला भाऊ. त्याच्या घरापुढे थेट किनारा.

"ते घर काढलं तर तिथे समुद्र दाखवता येईल. काढू?"

"काढ."

"दादांचं घर हाय ते," एकनाथची बायको मंजुळा दारातून म्हणाली.

"फोटोतनंच काढतेय ती."

बाप समुद्रात बुडाला तेव्हा एकनाथ सहा वर्षांचा होता. नवशाने शाळा सोडली, होडीवर जायला लागला आणि धाकट्याला वाढवलं. आता त्याची बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. दोन्ही वेळचं जेवण मंजुळाकडे. एकनाथने मात्र घर विकून बोईसरला, कारखान्यात असलेल्या मुलाजवळ, फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं. नवशाला यातलं काही सांगितलं नव्हतं. घरं वेगळी असली तरी जमीन बापाच्या नावावर होती. एकाने विकायचं तर दुसऱ्याची संमती लागणार होती. एकनाथ रोज ठरवायचा, आज बोलू, आणि रोज राहून जायचं.

फोटो बघून पालघरचे जितेश राऊत घर बघायला आले. ते सरळ खिडकीपाशी गेले आणि थांबले.

"समुद्र कुठाय?"

दिशा मोबाइलमध्ये बघू लागली.

"पुढचं घर पडायला आलंय, साहेब," एकनाथ घाईने म्हणाला. "म्हातारा एकटा हाय. त्याच्यामागं ते माझंच. मग पाडा नायतर ठेवा."

मंजुळा चहाचे कप तसेच ठेवून आत निघून गेली.

जितेश राऊत हसले. "जरा किनारा बघून येतो," म्हणाले, आणि तासाभराने परत आले. पुढच्या घराबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवशा जेवायला यायचा बंद झाला. मंजुळाने पाठवलेलं ताट झाकलेलं तसंच परत आलं.

आठवड्याने दिशाचा फोन आला. "साहेबांचं पक्कं झालंय, काका. सोमवारी पालघरला नोंदणीला या. आधार कार्ड आणा. तुमचे भाऊही येतायत."

"दादाला कोणी सांगितलं?"

"साहेब स्वतःच भेटले त्यांना."

सोमवारी नवशा कचेरीच्या बाकावर आधीच येऊन बसला होता. अंगात धुवट पांढरा सदरा. एकनाथ त्याच्या शेजारी टेकला.

"दादा, तुला आधी सांगायला पायजे होतं."

"हां."

"गिऱ्हाईक जाईल म्हणून बोललो तसं."

"पडायला आलंय, बोललास. म्हातारा एकटा हाय, बोललास."

एकनाथची मान खाली गेली. मग त्याने विचारलं, "सही करशील ना?"

"सही दोघांना करायचीय," नवशा म्हणाला.

एकनाथला भरून आलं. एवढं ऐकूनही हा आला. याला इथे एकटं ठेवायचं नाही. बोईसरच्या फ्लॅटमध्ये हॉलला खाट टाकू, मंजुळा काही नको म्हणणार नाही. परत जाताना रिक्षातच सांगू. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं.

नावं पुकारली गेली. आत टेबलापलीकडे जितेश राऊत बसले होते. त्यांनी एकनाथकडे बघून मान हलवली.

कारकुनाने कागद उलटले.

"विकणारे नवशा तांडेल, इथे बसा," तो म्हणाला. "एकनाथ तांडेल, तुमची नुसती संमतीची सही."