बाही शेवटच्या आठवड्यात

हुद्दारबाईंचं कंत्राट शेवटी गेलं. पण तूर्त ते गेलंच नाही असं धरू, कारण त्या सकाळी बाई नेहमीसारख्या सरकारी शिवणवर्गात आल्या आणि गळ्यात टेप अडकवून बसल्या.

नियम साधा होता. तीन महिन्यांचा कोर्स. वीसपैकी पंधरा बायकांनी परीक्षा दिली, तरच बाईंचं कंत्राट पुढे. पण दर खेपेला दुसऱ्या महिन्यात ब्लाउज जमला की बायका घरीच गिऱ्हाइकं घेऊ लागत. प्रमाणपत्र काही कुणी अंगात घालत नाही. म्हणून यंदा बाईंनी डोकं लढवलं आणि बाही शेवटच्या आठवड्यावर ढकलली. बाहीशिवाय ब्लाउज घेणार कोण?

वर्गात एकटी अंबिका होती, तीही विसरलेली कात्री न्यायला आलेली.

"बाकीच्या कुठायत गं?"

"घरी, बाई. लग्नसराई आहे ना, मान वर करायला फुरसत नाही."

"बाही न शिकता?"

"बिनबाह्यांचेच शिवतोय सगळ्या. ऊन बघा की केवढं आहे. आमच्या सासूबाईंनीसुद्धा दोन शिवून घेतले."

बाई रिकाम्या मशिनींच्या रांगेकडे बघत राहिल्या. मग कोपरापर्यंतच्या बाहीने त्यांनी कपाळ पुसलं आणि साहेबांना खुलासा लिहायला घेतला. शेवटची ओळ अशी होती: "तरी परीक्षा होईपर्यंत तालुक्यास थंडी मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."