तुलनेची बाटली

विष पडलं तरी पडद्यावरची श्वासाची रेघ खाली येईना. निकिताने बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. अक्षर तिचंच होतं: घरची विहीर, सायखेडा.

ही बाटली तिने नुसती तुलनेसाठी आणली होती. विषाला सरावलेली बुरशी सापडेल असा खरा संशय कारखान्यांचं सांडपाणी वाहणाऱ्या सातपूरच्या नाल्यावर. पण नाल्यातल्या बुरशीचा श्वास विषाच्या थेंबासरशी थांबला आणि घरच्या विहिरीतली बुरशी खुशाल ऑक्सिजन ओढत राहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी! यंत्रच बिघडलं असणार, म्हणून तिने प्रयोग तीनदा केला. तीनदा तेच.

तिच्या मार्गदर्शक मालिनी मॅडम पाण्याचा पेला घेऊन पडद्यापाशी आल्या.

"यंत्र ठीक आहे. श्वासाचा हमरस्ता बंद झाला की ही बुरशी आडवाटेने श्वास घेते. पण आडवाटेची इतकी सवय? हिचा हमरस्ता कुणीतरी वरचेवर अडवत असणार."

"आमच्या विहिरीत विष कोण घालेल, मॅडम?"

"द्राक्षांवर डाऊनी रोगासाठी काय फवारता? त्यातली काही औषधं हाच रस्ता अडवतात. पाणी आजच तपासायला द्यायला हवं."

निकिताने तिथूनच वडिलांना फोन लावला.

"अण्णा, फवारणी झाली की ब्लोअर कुठे धुता?"

"कुठं म्हंजी? विहिरीवर," भिमाजी म्हणाले. "टाकी, नळ्या, सगळं तिथंच. आत्ताच धुतला. का गं?"

"आणि धुतलेलं पाणी?"

"जातं मुरून. लय चौकश्या करते आज!"

निकिता मनात माणसं मोजू लागली. आजी तेच पाणी पिते. वहिनी पिते. वहिनीच्या सहा महिन्यांच्या ओवीचं वरणाचं पाणीही त्याच विहिरीचं. आणि टेबलावर तिची स्वतःची मोठी बाटली, रोज सकाळी घरून भरून आणलेली. अर्धी संपली होती. तुमच्या विहिरीचं पाणी गोड आहे हं, असं म्हणत मॅडमही वर्षभर त्यातलंच घेत होत्या.

मॅडमनी हातातला पेला हळूच टेबलावर ठेवला.

फोनमधून भिमाजींचा आवाज येतच होता.

"तिकडचं पाणी पिऊ नको, पोरी. त्याचा काय भरोसा नाय. घरचंच पीत जा."