उदबत्ती

कार्यालयातल्या भेदभाव-जाणीव प्रशिक्षणात आता भाषणं नसायची. कानामागे पट्टी चिकटवली, की सहकाऱ्याने दिलेली एक आठवण अंगात उतरायची. गद्रेसाहेबांच्या वाट्याला लालरिनीची आठवण आली. ऐझॉलच्या या मुलीचा बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. पोर हुशार, पण एकटीच जिन्यात जेवते म्हणजे माणूसघाणी असणार, असं साहेबांचं पक्कं मत.

पट्टी लावली आणि गद्रे लालरिनी होऊन स्वतःच्याच समोर बसले. आपलं टक्कल समोरून बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. लालरिनीचा नोकरीतला पहिला दिवस होता. तिने डबा उघडला, आंबवलेल्या सोयाबीनचा वास सुटला, आणि समोरच्या गद्र्यांनी मिश्कीलपणे उदबत्ती पेटवली. सगळे हसले. तीही हसली. डब्यासोबत तिने दोन चमचे आणले होते, एक साहेबांसाठी. तो तिने हळूच रुमालात गुंडाळला.

पट्टी निघाली, पण तो रुमाल अजून आपल्याच मुठीत असल्याचा भास काही सुटेना. गद्रे डबा आणि अर्ज घेऊन जिन्यात गेले, तिच्याशेजारी टेकले.

"अर्ज परत आणलाय. जेवून झाल्यावर तूच ठरव," ते म्हणाले. "माझ्याकडे शेपू आहे. घरीसुद्धा माझ्या पंगतीला कोणी बसत नाही."

लालरिनीने वास घेतला. "सर, उदबत्ती आणलीत?"

"नाही गं. आणि तुझ्या डब्यातलं खायला चमचाही नाही."

तिने पिशवीतून रुमाल काढला. चमचा अजून त्यातच होता.